तरोटा : त्याची ओळख व उपयोग

मृगाचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले कीं आमच्या खानदेशांत सडकेच्या कडेला, पडीत जमिनींत, जुन्या वाड्यांच्या ढासळलेल्या भिंतींपाशीं एक हिरवें रोप दाटीनें उगवूं लागतें. कोणी त्याचें बीं पेरीत नाहीं, कोणी त्यास पाणी घालीत नाहीं, आणि गुरेंढोरेंही त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून तें अधिकच फोफावतें. जळगांवाहून भुसावळास किंवा धुळ्याहून साक्रीस जातांना आपण तें अनेकदां पाहिलें असेल, परंतु त्याकडे लक्ष दिलें नसेल. ह्या रोपाचें नांव तरोटा. कोंकणांत व देशावर त्यास टाकळा म्हणतात, गोव्यांत तायकिळो म्हणतात, आणि संस्कृत वैद्यकांत त्यास चक्रमर्द अशी भारदस्त संज्ञा आहे.

आज ह्या सामान्य वनस्पतीविषयीं मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. ती आपल्या ताटांत व औषधांत काय कामास येते, ही पहिली. आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या तिच्या एका भावंडापासून ती वेगळी कशी ओळखावी, ही दुसरी. दुसरी गोष्ट ऐकल्यावांचून पहिलीचा उपयोग कोणीं करूं नये, अशी माझी आरंभींच विनंती आहे.

प्रथम ह्या रोपाची ओळख करून घेऊं. तरोटा शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मोठ्या कुळांत मोडतो. पिंवळ्या घोसांचा बाहवा हा त्याचा दूरचा नातलग, आणि आपल्या आजीच्या बटव्यांतील सोनामुखी ही अगदीं जवळची. लिनिअस ह्या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं त्याचें नामकरण 'कॅसिया तोरा' असें केलें. हल्लींचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास 'सेन्ना तोरा' म्हणतात. रोप गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतें. प्रत्येक पानांत दलांच्या तीन जोड्या असतात. दल देंठाकडे निमुळतें, शेंड्याकडे रुंद व गोलसर असतें, आणि टोंकाची जोडी सर्वांत मोठी असते. सायंकाळ झाली कीं हीं दलें एकमेकांवर मिटतात. पान चुरगळलें तर एक उग्र वास येतो. गुरें त्यास टाळतात तीं बहुधा ह्याच वासामुळें. भाद्रपदांत पांच पाकळ्यांचीं पिंवळीं फुलें येतात, आणि पुढें विळ्यासारख्या वांकलेल्या, वीतभर लांब पण अगदीं बारीक शेंगा लागतात. शेंगेंत पंचवीस-तीस चकचकीत तपकिरी दाणे असतात. त्यांचा आकार गोल नसून तिरप्या कापलेल्या चौकटीसारखा असतो. दिवाळीनंतर झाड वाळतें, शेंगा तडकतात, आणि बीं जमिनींत पुढच्या मृगाची वाट पाहत पडून रहातें.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. तरोटा खावयाचा तो कोंवळा असतांनाच. ज्येष्ठाच्या अखेरीपासून आषाढभर रोप टीचभर उंच असतें, तेव्हां त्याचे शेंडे खुडावे. श्रावणांत पान जून होऊं लागतें, आणि फूल दिसलें कीं भाजी संपली असें समजावें. खानदेशी घरांत ही भाजी करण्याची रीत साधी आहे. शेंडे निवडून जून देंठ टाकून द्यावे. पानें दोन-तीन पाण्यांतून धुवून बारीक चिरावीं. उग्र वास नकोसा वाटल्यास तीं थोड्या पाण्यांत एक उकळी येईपर्यंत शिजवावीं, आणि पाणी टाकून देऊन पिळून घ्यावीं. कढईंत तेल तापवून त्यांत ठेचलेला लसूण लाल होऊं द्यावा, हिरव्या मिरचीचे तुकडे आणि सढळ हातानें चिरलेला कांदा परतावा, मग भिजविलेली मुगाची डाळ घालून ती अर्धीमुर्धी शिजली कीं वरून पाला टाकावा. मीठ मात्र अगदीं शेवटीं घालावें. कारण परातभर पाला शिजून वाटीभर होतो, आणि आधीं अंदाजानें घातलेलें मीठ मग खारट लागतें. उतरवितांना शेंगदाण्याचा जाडसर कूट पेरला म्हणजे भाजीचा किंचित् कडवटपणा झांकला जातो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, आणि कच्चा कांदा असला कीं आणखी कांहीं लागत नाहीं.

कोंकणांत हीच भाजी ओलें खोबरें व फणसाच्या आठळ्या घालून करितात. आमच्या तापीकांठीं नारळही नाहीं आणि फणसही नाहीं. म्हणून त्यांच्या जागीं शेंगदाणा आला. ज्या मुलखांत जें पिकतें त्याच्याशीं ही रानभाजी बिनतक्रार जमवून घेते.

पोषणाच्या दृष्टीनें पाहिलें तर तरोट्याच्या पानांत चुना व लोह हीं द्रव्यें आहेत, आणि ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें तें केशरी द्रव्यही पुष्कळ आहे. ह्याचें खरें महत्त्व कळण्यास त्याची वेळ पाहिली पाहिजे. आषाढांत मळ्यांतील भाजीपाला अद्याप तयार नसतो, बाजारांत भाव चढलेले असतात, आणि शेतकऱ्याच्या घरांतील धान्याची कणगी तळास गेलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत ही फुकटची भाजी उभी रहाते. सातपुड्याच्या पायथ्यास यावल, रावेर, चोपडा, शिरपूर ह्या तालुक्यांत पावरा, भिल्ल व तडवी कुटुंबांतील बायका ह्या दिवसांत तरोटा खुडतात. घरापुरता ठेवून उरलेला बाजारास आणतात. शहरांतील गृहिणीस ती चवीपुरती नवलाई वाटते, पण डोंगरांतील घरास ती महिनाभराचा आधार असते.

दुष्काळांत तर रानांतील पाल्यावर माणसें जगलीं आहेत. मुंबईंतील गोमंतकीय डॉक्टर जे. सी. लिस्बोआ यांनीं मुंबई इलाख्यांतील उपयुक्त वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १८८६ सालीं गॅझेटियरच्या मालेंत प्रसिद्ध झाला. त्यांत दुष्काळांत लोकांनीं कोणकोणत्या वनस्पती खाऊन दिवस काढले, त्यांचीही नोंद आहे. रानांतील कोणतें पान खावें आणि कोणतें खाऊं नये हें ज्ञान त्या काळीं जीव वांचविणारें होतें, हें विसरतां येत नाहीं.

आतां औषधाकडे येऊं. आयुर्वेदांत तरोट्यास अनेक नांवें आहेत : चक्रमर्द, प्रपुन्नाट, एडगज, मेषलोचन आणि दद्रुघ्न. ह्यांतील शेवटचें नांव सरळ त्याच्या कामावरून पडलें आहे. दद्रु म्हणजे गजकर्ण, आणि दद्रुघ्न म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं त्वचेच्या विकारांवर जे लेप सांगितले आहेत, त्यांत बाहव्याच्या पाठोपाठ एडगजाचें नांव येतें. खेड्यांत हा उपचार अजूनही चालतो. वाळलेलें बीं आंबट ताकांत किंवा लिंबाच्या रसांत भिजवून बारीक वाटतात, आणि तो लेप गजकर्णाच्या चकत्यांवर लावितात. कोणी ताज्या पाल्याचा रसच चोळतात.

ह्यांत तथ्य किती? गजकर्ण हा एका सूक्ष्म बुरशीमुळें होणारा रोग आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बाजारांत गजकर्णावर 'गोवा पावडर' ह्या नांवाचें एक पिंवळसर चूर्ण विकलें जात असे. नांव गोव्याचें असलें तरी तें चूर्ण मूळचें ब्राझीलमधील एका वृक्षाच्या खोडांतलें होतें, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारामुळें इकडे आलें होतें. पुढें १९७५ सालीं आचार्य व चटर्जी ह्या संशोधकांनीं तरोट्याच्या बियांतून बुरशीस मारक असें मुख्य द्रव्य वेगळें काढलें, तें ह्या गोवा पावडरींतील द्रव्याच्याच रासायनिक घराण्यांतलें निघालें. जें औषध लोक सातासमुद्रांपलीकडून आणून पैसे देऊन घेत होते, त्याचें सगोत्र आपल्या उकिरड्याच्या कडेला उगवत होतें!

परंतु येथें थोडें थांबलें पाहिजे. प्रयोगशाळेंतील बशींत बुरशी मेली, एवढ्यावरून माणसाच्या अंगावरील प्रत्येक गजकर्ण बरें होईल असें ठरत नाहीं. शिवाय ह्या वर्गांतील द्रव्यें नाजूक कातडीस झोंबतात. म्हणून चेहऱ्यावर, जांघेंत, फाटलेल्या कातडीवर किंवा लहान मुलांच्या अंगावर हा लेप लावूं नये. दुसरी गोष्ट अशी कीं गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत गजकर्ण पूर्वीपेक्षां हट्टी झालें आहे. त्याचें एक मोठें कारण आपल्याच घरांत सांपडेल. औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ज्या मलमांत स्टेरॉइड असतें, त्यांनीं खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो, आणि आंत बुरशी मात्र निर्वेध पसरते. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं अनेक स्टेरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी जुनी संवय लवकर सुटत नाहीं. नेहमींच्या औषधांस दाद न देणाऱ्या एका बुरशीस तर २०२० सालीं 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असें आपल्या देशावरूनच नांव पडलें! तेव्हां चट्टा लहान असेल तर तरोटा लावून पाहण्यास हरकत नाहीं. पण दोन आठवड्यांत उतार न पडल्यास, किंवा घरांत दुसऱ्या कोणास चट्टे दिसूं लागल्यास, त्वचारोगाच्या डॉक्टरांकडेच जावें. कपडे व पंचे वेगळे ठेवावे, गरम पाण्यांत धुवावे आणि उन्हांत वाळवावे, हें तर प्रत्येक औषधाबरोबर करावयाचेंच.

पोटांत घेण्याविषयीं एवढेंच सांगतों कीं तरोटा सोनामुखीचा आप्त असल्यामुळें तो कोठा सैल करणारा आहे. भाजी म्हणून आठवड्यांतून एक-दोनदां तो बाधत नाहीं. पण काढा, चूर्ण असे प्रकार स्वतःच्या मनानें करूं नयेत, आणि गर्भवती स्त्रियांनीं तर मुळींच करूं नयेत.

बियांचा उपयोग निराळाच आहे. बीं खरपूस भाजून, कुटून, कित्येक ठिकाणीं कॉफीच्या जागीं वापरितात. चीन व जपान ह्या देशांत तरोट्याचें व त्याच्या अगदीं जवळच्या एका जातीचें बीं भाजून त्याचा चहा करितात. चिनी नांवाचा अर्थ दृष्टि स्वच्छ करणारें बीं असा होतो. आपल्याकडे मेषलोचन म्हणजे मेंढ्याचा डोळा, आणि तिकडे दृष्टि स्वच्छ करणारें! दोन दूरच्या देशांतील वैद्यांस एकाच वनस्पतीपाशीं डोळा आठवावा हें मौजेचें आहे. हल्लींच्या काळांत बियांतील गरापासून डिंकासारखें एक चूर्ण काढितात. कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यास दाटपणा आणण्यास तें वापरलें जातें. तरोट्याचें बीं व्यापारी विकत घेतात तें पुष्कळ अंशीं ह्यासाठींच.

ह्या चूर्णासंबंधींच्या युरोपांतील नियमांत एक कलम लक्ष देण्यासारखें आहे. बियांत दुसऱ्या एका विशिष्ट वनस्पतीचें बीं दहा हजार भागांत पांच भागांहूनही कमी असलें पाहिजे, असें तें कलम सांगतें. ती दुसरी वनस्पती म्हणजेच आरंभीं मीं ज्याचा उल्लेख केला तें भावंड. त्याचें नांव कासविंदा. कित्येक ठिकाणीं त्यास रानटाकळा असेंही म्हणतात, आणि ह्या दुसऱ्या नांवानेंच घोटाळा वाढतो.

हा घोटाळा मीं स्वतः केलेला आहे. एकदां चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशीं हिंडतांना मीं मोठ्या अभिमानानें एक जुडी खुडून पिशवींत भरली. पिंवळें फूल तेंच, वास तसाच उग्र, रोपाची ठेवणही तशीच. वाटेंत डोक्यावर पाटी घेऊन बाजारास चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईनें माझ्या पिशवींतून बाहेर आलेला शेंडा पाहिला आणि ती थांबली. "दादा, हाई तरोटा नही शे," ती म्हणाली, "पानना शेंडा देख." तिनें आपल्या पाटींतील एक पान काढून माझ्या पानाशेजारीं धरलें. त्या दोन पानांतील भेद मला पुस्तकांत वाचून ठाऊक होता. पण हातांत पान असतांना तो दिसला नव्हता.

तो भेद असा. तरोट्याच्या पानांत दलांच्या तीनच जोड्या असतात, आणि दलाचा शेंडा गोलसर असतो. कासविंद्यांत बहुधा चार-पांच जोड्या असतात, आणि प्रत्येक दल भाल्यासारखें टोंकदार असतें. तरोट्याची शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वांकलेली. कासविंद्याची शेंग तिच्याहून आंखूड, चपटी व रुंद, दोन्ही कडांस फिकट रेघ असलेली, आणि फांदीवर वरच्या बाजूस उभी. तरोट्याचा दाणा तिरप्या चौकटीसारखा, तर कासविंद्याचा गोल व चपटा. वासावर मात्र मुळींच विसंबूं नये. तो दोहोंसही आहे.

एवढी बारकाई कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर फार दुःखाचें आहे. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागांत, बिजनोर व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत, पावसाळा संपून हिंवाळा लागण्याच्या सुमारास खेड्यांतील लहान लहान मुलें वर्षानुवर्षें एकाएकीं आजारी पडत. संध्याकाळपर्यंत खेळणारें मूल ओकूं लागे, त्याची शुद्ध हरपे, झटके येत, आणि त्यांतील बहुतेक मुलें थोड्याच दिवसांत दगावत. पुष्कळ काळ हा मेंदूज्वराचाच एक प्रकार समजला गेला. बिजनोरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांचे सहकारी यांनीं बारकाईनें तपास केला. ह्या मुलांच्या मेंदूबरोबरच यकृत व स्नायूही बिघडलेले असत. साध्या मेंदूज्वरांत तसें होत नाहीं. २००७ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा रोग जंतूंमुळें होत नव्हता; मुलांनीं खाल्लेल्या कासविंद्याच्या बियांचें तें विष होतें. मूल भुकेलें असतें, शेंग वालाच्या शेंगेसारखी दिसते, आणि झाड घराच्या मागेंच उभें असतें.

पुढें २०१६ सालीं ओडिशांतील मलकानगिरी जिल्ह्यांत दोन-तीन महिन्यांत शंभराच्या आसपास आदिवासी मुलें मरण पावलीं. जपानी मेंदूज्वराची सांथ तेथें होतीच, पण डॉ. जॉन यांच्या पथकास पुष्कळ मुलांच्या बाबतींत ह्याच वनस्पतीचें विष आढळलें. तेथें तरोट्यास चाकुंडा म्हणतात व त्याची भाजी खातात. आणि कासविंद्यास म्हणतात बडा चाकुंडा. आपल्याकडे टाकळा व रानटाकळा, तिकडे चाकुंडा व बडा चाकुंडा. एका नांवाचीं दोन झाडें सर्वत्र शेजारीं शेजारींच उभीं आहेत.

ह्यावरून कासविंदा म्हणजे केवळ विषच असें मात्र समजूं नये. आयुर्वेदांत त्याचें नांव कासमर्द आहे, आणि कास म्हणजे खोकला. जाणते वैद्य त्याचा उपयोग करीत आले आहेत. पण तें काम त्यांच्यावरच सोंपवावें, आणि ज्या अंगणांत मुलें खेळतात तेथें हें झाड शेंग धरण्यापूर्वींच उपटून टाकावें. मुलानें बिया खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत बसूं नये, बळेंच ओकारी काढूं नये. त्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें, आणि खाल्लेली शेंग सांपडल्यास ती बरोबर न्यावी. ह्या विषावर खास असा उतारा नाहीं. म्हणून वेळ दवडूं नये.

एक लहानशी सूचना तरोटा खुडणारांसाठींही आहे. आमच्या जिल्ह्यांत कापूस व केळी ह्यांच्या शेतांत तणनाशक फवारण्याची पद्धत वाढली आहे. अशा शेताच्या बांधावरचा, तसेंच मोटारींच्या धुरानें माखलेल्या हमरस्त्याच्या कडेचा पाला घेऊं नये. शहरांत राहणारांनीं तर स्वतः खुडण्यापेक्षां बाजारांत विकावयास येणाऱ्या बायांकडूनच जुडी घ्यावी हें उत्तम. त्या जुडीचा भाव करतांना एवढें लक्षांत ठेवावें कीं पाला रानांत फुकट मिळतो. पैसे आपण देतों ते तो ओळखणाऱ्या डोळ्यांचे.

यंदा आषाढांत तरोटा घरीं आणाल तेव्हां चिरण्यापूर्वीं त्यांतील एक पान मुलांच्या हातांत द्या. दलांच्या जोड्या मोजावयास सांगा, शेंड्यावरून बोट फिरवूं द्या. जवळपास कासविंदा असेल तर त्याचेंही एक पान शेजारीं ठेवून दोहोंतील फरक त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, आणि मग सर्वांचे हात स्वच्छ धुवून भाजीस बसा.